छोट्या रेल्वेचं वायरिंग आणि वीज: आमच्या माजघरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं घर रत्नागिरीजवळ, खाडीच्या काठाला. माजघरात भिंतीला लागून बारा फूट बाय चार फुटांचं टेबल आहे आणि त्यावर एचओ मापाची, म्हणजे खरीच्या ८७ पट लहान, रेल्वे. बाहेरच्या कडेला समुद्र, मधोमध डोंगर, कोकण रेल्वेवरच्या करबुड्याच्या नावाचा एक बोगदा आणि तिच्याच पानवलच्या पुलाची आठवण होईल असा एक पूल. (खरा पूल ६४ मीटर उंच. आमचा दीड वीत.) गणपतीत पाहुणे येतात, गाडी बघतात आणि दरवर्षी तेच प्रश्न विचारतात. ज्यांना स्वतः करायचं असतं ते नंतर फोनवर विचारतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवलं.

मी इलेक्ट्रिकलचं शिक्षण घेतलेलं नाही. वही मात्र ठेवतो. गाडी अडली की तारीख आणि कारण लिहायचं. गाडी अडली की जो तो मोठा ट्रान्सफॉर्मर आणायला सांगतो, पण बारा वर्षांच्या त्या वहीत ट्रान्सफॉर्मर लहान पडल्याची नोंद एकदाच आहे. बाकी पानंच्या पानं जोडांची आहेत. सुटलेला जोड, गंजलेला जोड, मुंग्यांनी घर केलेला जोड.

रुळांना हात लावला तर शॉक बसेल का?

नाही. हा प्रश्न आत्या दरवर्षी विचारते आणि दरवर्षी मी तिच्यासमोर रुळांवर पंजा ठेवून दाखवतो. साध्या डीसी पद्धतीत रुळांवर शून्य ते १२ व्होल्ट असतात, डीसीसीत (रुळांमधूनच इंजिनाला डिजिटल आज्ञा देण्याची पद्धत) साधारण १४ ते १६. कोरड्या हाताला काही जाणवत नाही.

धोका दोन ठिकाणी आहे. पहिला भिंतीतल्या २३० व्होल्टचा. माझा नियम असा की २३० व्होल्ट टेबलाखाली येऊच द्यायचे नाहीत. अडॅप्टर भिंतीवरच्या बोर्डात, त्यातून बाहेर पडणारी कमी व्होल्टची वायर तेवढी टेबलाकडे. टेबलाखाली उघडा ट्रान्सफॉर्मर स्क्रूने बसवलेला दिसला तर आधी तो काढा, मग बाकीचं बोलू. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळाली की लाईन तोडणारा स्विच) नसेल तर तोही बसवून घ्या, रेल्वे असो नसो.

दुसरा धोका उष्णतेचा. शॉर्ट झाला आणि वीज तोडणारं काही नसलं तर पाच अँपिअरला बारीक वायर चटका बसण्याइतकी तापते, डब्याचं प्लॅस्टिक वितळतं.

आणि मुलांना एक गोष्ट स्पष्ट सांगून ठेवायची. घरातल्या रुळांना हात लावलेला चालतो म्हणून खऱ्या रुळांजवळ जायचं नाही. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ मध्ये पूर्ण झालं. वरच्या तारेत २५,००० व्होल्ट आहेत, आणि ती तार शिवावी लागत नाही, नुसतं जवळ गेलं तरी पुरतं. लग्ग्याने आंबे काढणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो.

वरती तार नाही, मग इंजिनाला वीज मिळते कुठून?

खऱ्या गाडीत वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांवाटे परत जाते. आपल्याकडे दोन्ही कामं रूळच करतात. एका रुळातून जाते, दुसऱ्यातून परत येते. त्यासाठी दोन्ही रूळ एकमेकांपासून अलग हवेत, आणि धुऱ्यावरचं एक चाक दुसऱ्यापासून प्लॅस्टिकच्या बारीक बुशने तोडलेलं हवं. चाकाला घासणारी पितळी पट्टी वीज उचलते आणि मोटरला देते. डीसीत व्होल्ट वाढवले की वेग वाढतो, तारा उलटसुलट केल्या की गाडी उलट धावते. इतकंच आहे ते.

डीसी घ्यावं की डीसीसी?

एक लूप, एक गाडी, लहान मूल: डीसी. याच्यावर वाद नको.

दोन इंजिनं एकाच रुळावर स्वतंत्रपणे चालवायची असतील तर डीसीसी. डीसीत तेच करायला रुळांचे तुकडे पाडून प्रत्येकाला स्विच लावावा लागतो. मी पहिली चार वर्षं तसं केलं. नऊ स्विचेसचं पॅनेल होतं, आणि मी सोडून घरात कुणालाही ते चालवता येत नसे. दिसायला झकास होतं, एवढं खरं.

डीसीसीत रुळांवर पूर्ण व्होल्ट कायम असतात आणि त्यातूनच आज्ञा जातात. विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा पालटते. अर्धं आवर्तन ५८ मायक्रोसेकंदांचं असलं की तो ‘एक’, १०० किंवा जास्त असलं की ‘शून्य’. इंजिनातला डिकोडर हे आकडे वाचतो, आपला पत्ता आला की ऐकतो, दुसऱ्याचा आला की सोडून देतो. टपाल वाटल्यासारखंच. नवीन डिकोडरचा पत्ता ३ असतो. दोन नवीन इंजिनं एकदम रुळावर ठेवून ‘दोन्ही एकत्र का पळतायत’ म्हणून फोन करू नका. आधी एकेकाचा पत्ता बदला.

डिकोडर नसलेलं जुनं इंजिन डीसीसीच्या रुळावर ठेवू नये. मोटर गुणगुणते, तापते, आणि कोअरलेस (आत लोखंडी गाभा नसलेली) मोटर असेल तर जळते.

तयार कंट्रोलर महाग वाटत असेल तर आर्डुइनो (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड) आणि त्याच्यावर बसणाऱ्या मोटर शील्डवर चालणारं डीसीसी-ईएक्स हे मुक्त सॉफ्टवेअर आहे. माझ्या भाच्याने दोन रविवारांत बसवलं. सोल्डरिंगची भीती नसेल त्यांनी जरूर करावं.

अडॅप्टर केवढ्या अँपिअरचा घ्यायचा?

आजकालचं एचओ इंजिन सपाटीवर पाव ते अर्धा अँपिअर घेतं, चाकं अडकली तर एकच्या आसपास. एन मापाचं, म्हणजे एचओहून लहान इंजिन, त्याहून कमी. तीन-चार इंजिनं आणि डब्यांतले थोडे दिवे यांना ३ अँपिअर भरपूर होतात.

दहा अँपिअरचा घेतला म्हणून गाडी जोरात पळत नाही. इंजिन लागेल तेवढेच अँपिअर ओढतं. फरक पडतो तो शॉर्ट झाल्यावर, आणि तेव्हा जास्त अँपिअर म्हणजे जास्त नुकसान. पाच अँपिअरच्या पुढे जायचं असेल तर टेबलाचे विभाग पाडून प्रत्येकाला वेगळा ब्रेकर लावा. लॅपटॉपचा जुना चार्जर घरात पडलेला असतो, तो १९ व्होल्टचा. कंट्रोलरच्या पुस्तिकेत तेवढे चालतात असं छापलेलं असेल तरच लावा.

रुपयाचं नाणं ही तपासणी मात्र न चुकता करा. कंट्रोलर चालू असताना नाणं दोन्ही रुळांवर आडवं टाका. लगेच वीज तुटली पाहिजे. टेबलाच्या चारही कोपऱ्यांत, बोगद्यात, साईडिंगच्या टोकाला, सगळीकडे. एखाद्या ठिकाणी वीज तुटली नाही आणि नाणं तापायला लागलं, तर तिथवरच्या वायरीत इतका अडथळा आहे की ब्रेकरला शॉर्ट झाल्याचं कळतच नाहीये. तिथे अडॅप्टर बदलून काही होणार नाही, वायर बदला.

कुठली वायर वापरू? टेलिफोनची जुनी वायर चालेल का?

फीडरला कदाचित, मुख्य जोडीला अजिबात नाही.

टेबलाखालून या टोकापासून त्या टोकापर्यंत जाड वायरींची एक जोडी न्यायची. तिला बस म्हणतात. तिच्यातून रुळांपर्यंत बारीक वायरी वर काढायच्या, ते फीडर. गावच्या पाणीयोजनेत मोठी लाईन आणि घराघराचं कनेक्शन असतं तसं. मोठी लाईन अर्ध्या इंचाची टाकली तर शेवटच्या घरात पाणी चढत नाही.

हिशेब करून बघा. बस सहा मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन बारा मीटर तांबं. तीन अँपिअर ओढले तर ०.५ चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळपास दीड व्होल्ट वाटेतच खर्च होतात. १.५ च्या वायरीत अर्धा व्होल्ट. २.५ च्या वायरीत पाव व्होल्टाच्या किंचित वर. माझ्या टेबलाला १.५ पुरते. खोलीभर पसारा असेल तर २.५ घ्या. ही घरगुती वायरिंगचीच मल्टिस्ट्रँड वायर, रत्नागिरीत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळते. फीडरला ०.५ चालते, पण एका फुटापेक्षा लांब नको.

फीडर किती ठिकाणी द्यायचे?

रुळाच्या प्रत्येक तुकड्याला. होय, प्रत्येक. यावर घासाघीस करणारे सगळे वर्षभरात परत येतात, मीही आलो होतो.

रुळांचे तुकडे जोडणारी पत्र्याची चिमटी, म्हणजे जॉइनर, रूळ सरळ रेषेत धरण्यासाठी असते. वीज नेण्याचं काम ती सुरुवातीला गोडीगुलाबीने करते, मग सोडून देते. तिसऱ्या पावसाळ्यात आमच्या करबुड्यात गाडी आत गेली की मंदावायची, कधी थांबायची. खरा करबुडे साडेसहा किलोमीटरचा, आमचा चार फुटांचा, पण आत हात जात नाही ही अडचण दोन्हीकडे सारखीच. मल्टिमीटर लावला तर ११.८ व्होल्ट. स्टेशनवर ११.८, पुलावर ११.८, बोगद्यातही ११.८. दोन दिवस इंजिनच उघडून बसलो.

तिसऱ्या दिवशी गॅरेजमधून मोटरसायकलच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट १० वॅटचा बल्ब आणला, त्याला दोन वायरी लावून रुळांवर टेकवला, आणि बल्ब पेटलेला असताना मोजलं. स्टेशनवर ११.६. बोगद्यात ७.२, आणि बल्ब पिवळट. मीटर स्वतः जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, त्यामुळे खराब जोडातूनही त्याला पूर्ण व्होल्ट दिसतात. भार टाकला की जोडाचं खरं रूप बाहेर येतं. ती चिमटी उपसून काढली तर बाहेरून चकचकीत, आतून हिरवी-काळी. तेव्हापासून तो बल्ब खिळ्याला टांगलेला आहे आणि भार न टाकता मी मोजत नाही.

बोगद्याच्या मागच्या बाजूला हात जाईल एवढं दार ठेवायचं, हेही त्याच दिवशी शिकलो. करवतीने.

रुळांच्या धातूबद्दल एक. चांगले रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. त्यात चांदीचा कण नसतो. तांबं, निकेल आणि जस्त यांचा तो मिश्रधातू. त्यालाच जर्मन सिल्व्हर म्हणतात, आणि इथे आमच्या आईचा गोंधळ उडतो, कारण आपल्याकडे ‘जर्मनचं पातेलं’ म्हणजे ॲल्युमिनियमचं. हा वेगळा. तांब्याच्या मानाने त्यातून वीज बरीच रखडत जाते, म्हणून लांबचा पल्ला रुळांवर सोडायचा नाही, बसवर सोडायचा. लोखंडी रूळ स्वस्त मिळतात. खाडीकाठी राहत असाल तर फुकट मिळाले तरी घेऊ नका.

सोल्डर करू की पट्टी कनेक्टर लावू?

रुळाला सोल्डर, बसला दोन्ही चालतं. सोल्डरिंग गन वगैरे काही नको, २५ वॅटचा साधा सोल्डरिंग आयर्न पुरे, टोक स्वच्छ ठेवा. रूळ आधी घासून घ्या, रोझिनवाला ६०/४० सोल्डर वापरा, रुळाच्या बाहेरच्या बाजूने लावा म्हणजे चाकाच्या कडेला लागत नाही. तीन सेकंदांत काम झालं नाही तर हात मागे घ्या, नाहीतर प्लॅस्टिकचे स्लीपर मऊ होऊन रुळातलं अंतर बदलतं. नळवाल्याकडचं ॲसिड फ्लक्स चुकूनही नको. दमट हवेत ते जोड आतून खातं.

काळी इन्सुलेशन टेप इकडच्या हवेत एका वर्षात चिकट गोंद होऊन सुटते. श्रिंक ट्यूब (गरम केली की आवळून बसणारी नळी) वापरा. पट्टी कनेक्टर वापरत असाल तर स्क्रू दर मे महिन्यात एकदा आवळा.

वायरींचे रंग कुठले ठेवू?

लाल-काळा सोडून काहीही. जुन्या घरांच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे फेज आणि काळा म्हणजे न्यूट्रल. उद्या घरी आलेल्या वायरमनला टेबलाखाली लाल-काळी जोडी दिसली तर तो बिचारा काय समजेल?

माझ्याकडे समुद्राकडचा, म्हणजे बाहेरचा रूळ निळा आणि डोंगराकडचा पिवळा. डावा-उजवा असं नाव देऊ नका, वळणावर गाडी फिरली की डावा-उजवा कुणाला आठवत नाही. टेबलाखाली उलटं झोपून काम करताना तर नाहीच. समुद्र आणि डोंगर मात्र विसरत नाही.

सांध्यावर आलं की छोटं इंजिन अडतं. मोठं नाही अडत. का?

सांध्यात दोन रूळ जिथे एकमेकांना छेदतात त्या टोकदार भागाला आपले रेल्वेवाले क्रॉसिंग म्हणतात, मॉडेलवाले फ्रॉग. गाडी सरळ गेली तर तो एका रुळाचा भाग, वळली तर दुसऱ्याचा. म्हणजे कधी निळा, कधी पिवळा. ही कटकट नको म्हणून बरेच उत्पादक तो भाग प्लॅस्टिकचाच करतात, वीज नसलेला. लांब इंजिनाची बाकीची चाकं वीज उचलत राहतात. चार चाकांचं शंटर (डबे इकडून तिकडे हलवणारं छोटं इंजिन) तेवढ्यात उपाशी पडतं.

उपाय म्हणजे धातूच्या फ्रॉगचा सांधा, आणि सांधा बदलेल तशी त्याची वीज बदलणारा एक छोटा स्विच. सांधा हलवणारी काडी आणि स्विच एकाच हालचालीत बसवता येतात. सायकलची तार आणि स्लाइड स्विच वापरून मी आठ सांधे असे केले, एकही मोटर न लावता. हात लावून सांधा बदलण्यात मजा आहे.

मोटर लावायचीच तर दोन प्रकार. कॉइलवाली खट्कन सांधा मारते, तिला क्षणभरच वीज हवी. बटण दाबून धरलं की कॉइल जळते. भाच्याने एकदा गणपतीत आरती चालू असताना धरून ठेवलं होतं, आणि कापराच्या वासात दुसराच वास मिसळला तेव्हा कळलं. कपॅसिटरमध्ये वीज साठवून एकाच ठोक्यात सोडणारं सर्किट मिळतं, ते लावलं की बटण कितीही वेळ दाबा, कॉइलला एकच ठोका बसतो. दुसरा प्रकार सावकाश फिरणाऱ्या मोटरचा. ती टोकाला जाऊन दाबून उभी राहते, काही मिलिअँपिअरच घेते, जळत नाही. महाग, पण शांत.

गाडी फिरून त्याच रुळावर परत यावी असा फास काढला. शॉर्ट होतोय.

होणारच. दुरंगी काठाची एक नाडी घ्या, एक काठ निळा, एक पिवळा. टोक वळवून त्याच नाडीला परत आणून लावा. निळ्यासमोर पिवळा येतो. तेच तुमच्या रुळांचं झालंय.

फासाच्या दोन्ही तोंडांना दोन्ही रूळ तोडून प्लॅस्टिकचे जॉइनर घाला आणि आतल्या भागाला वेगळी वीज द्या. तो भाग सगळ्यात लांब गाडीपेक्षा लांब हवा. डीसीसीत ऑटो रिव्हर्सर मिळतो, इंजिन सीमा ओलांडताच तो आतल्या तारा स्वतःच उलटवतो. डीसीत स्विच मारायचा आणि आठवण ठेवायची. कोकण रेल्वेच्या बऱ्याच भागात अजून एकच मार्ग आहे, गाडी जाते तशीच परत येते. पहिल्या लेआउटला तोच आदर्श ठेवलात तर हा प्रश्न येणार नाही.

पावसाळ्यात काय करता? खाऱ्या हवेत हे सगळं टिकतं का?

टिकतं, पण राबवून घेतं.

जूनपासून सप्टेंबरपर्यंत आमच्या घरात पापड मऊ पडायला दहा मिनिटं लागतात, मग तांब्याचं काय होणार! वायरीचं उघडं टोक कळकतं, स्क्रूखाली हिरवा थर येतो. म्हणून उघडं टोक ठेवायचंच नाही. मल्टिस्ट्रँड वायर स्क्रूखाली घालण्याआधी टोकाला फेरुल (धातूची बारीक नळी) दाबून बसवा.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या गंजिफ्रॉकचा तुकडा. पॉलिश पेपर कधीही नको. त्याने पडणाऱ्या बारीक चरांत काळा मळ धरतो आणि दर आठवड्याला घासावं लागतं. खोबरेल तेलाचं बोट फिरवा असा सल्ला शेजारच्या काकांनी दिला होता. त्या वर्षी चाकांवर चिक्कीसारखा थर जमला. रूळ पुसलेत पण चाकं पुसली नाहीत तर पहिल्या फेरीत सगळं जैसे थे, हेही लक्षात ठेवा.

टेबलाखाली मी जुना झिरोचा बल्ब लावतो, कपड्यांच्या कपाटात लावतात तसा. नाव झिरो, पण तो बारा-पंधरा वॅट खातो आणि तेवढ्या उबेने टेबलाखालची हवा कोरडी राहते. पहिल्या नियमाला हा एकच अपवाद. होल्डर भिंतीला आहे, टेबलाला नाही, आणि प्लाय व वायरींपासून हातभर लांब.

उंदीर वायर कुरतडतात. मुंग्यांना रिलेच्या आत राहायला आवडतं. पाल सांध्याच्या यंत्रात मेली की दुर्गंधीआधी शॉर्ट कळतो. या तिन्हींवर तंत्रज्ञान उपयोगी पडत नाही, आमच्याकडे मांजर आहे.

किनाऱ्यावरची वाळू रुळांखाली टाकली तर छान दिसेल ना?

दिसते छान. म्हणूनच टाकली होती. रत्नागिरीच्या किनाऱ्यांवर काळ्या वाळूचे पट्टे असतात, त्यात इल्मेनाइट हे लोहयुक्त खनिज असतं आणि लोहचुंबकाला चिकटणारे कण असतात. इंजिनाच्या मोटरमध्ये काय असतं? लोहचुंबकच. आठवड्याभरात दोन इंजिनांतून दाढी केल्यावर वस्तऱ्यावर राहतात तसे काळे केस निघाले, आणि एकाची मोटर गेली ती गेलीच. शिवाय समुद्राच्या वाळूत मीठ असतं, ते पावसाळ्यात पाणी ओढून रूळ सतत ओले ठेवतं.

नदीची वाळू घ्या, तीन पाणी धुवा, वाळवा आणि पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं लोहचुंबक तिच्यातून फिरवा. काही चिकटणं थांबेपर्यंत फिरवत राहा. जांभ्याचा चुरा रंगाला अप्रतिम दिसतो. त्यालाही हाच न्याय.

लाईट गेली तर?

जाते. विशेषतः गणपतीत, आणि विशेषतः पाहुणे टेबलाभोवती जमल्यावर.

डीसी असेल तर आधी कंट्रोलरचा खटका शून्यावर आणा. लाईट अचानक आली की गाडी तडक सुटते आणि पुलावर पोरं वाकलेली असतात. डीसीसीत वेगळीच गंमत. काही डिकोडर वीज येताना क्षणभर साध्या डीसीवर आहोत असं समजतात आणि इंजिन पिसाटल्यासारखं पळतं. डिकोडरच्या सेटिंग्जना सीव्ही म्हणतात, त्यातल्या सीव्ही २९ मध्ये साधारणतः ६ असतो, तो २ केला की डीसीवर चालण्याची सोय बंद होते आणि हा प्रकार थांबतो.

इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर साइन वेव्हचा असावा. स्क्वेअर वेव्हवर जुना लोखंडी ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि गरम होतो. मी १२ व्होल्ट ७ अँपिअर-अवरच्या बॅटरीवरही डीसी गाडी चालवून पाहिली आहे. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला अलिबागच्या बाजूने आत शिरलं, तेव्हा रायगड आणि उत्तर रत्नागिरीतली कितीतरी गावं बरेच दिवस अंधारात होती. दापोलीकडचा मावसभाऊ कुटुंबासह आमच्याकडे येऊन राहिला, आणि आमचीही लाईट जाऊन-येऊन होती. मुलांना दुसरं काय दाखवणार! पण बॅटरीच्या अगदी तोंडाशी ३ अँपिअरचा फ्यूज हवाच. शॉर्ट झाला तर अडॅप्टर बंद पडतो, बॅटरी मात्र वायर पेटवते.

वळवाचे ढग गडगडायला लागले की प्लग काढून ठेवा. नुसता स्विच बंद करून भागत नाही.

स्टेशनातल्या दिव्यांना रुळांवरूनच वीज घेऊ का?

नको. वेगळा १२ व्होल्टचा छोटा अडॅप्टर लावा. पांढऱ्या एलईडीला साधारण ३ व्होल्ट लागतात, उरलेले ९ रेझिस्टरने खायचे. १ किलोओहम लावला तर ९ मिलिअँपिअर जातात, आणि फलाटावरच्या दिव्याला तेवढा उजेडही जास्तच होतो. रात्रीचं आडवली किंवा विलवडे स्टेशन आठवा. तिथे झगमगाट नसतो. मी ४.७ किलोओहम वापरतो.

शॉर्ट झालाय, सापडत नाही.

सगळी इंजिनं आणि डबे उचला. गेला? मग एखादं चाक उलटं बसलंय. नाही गेला तर वीज बंद करा, बस मधोमध सोडा आणि मल्टिमीटरच्या बझरने दोन्ही अर्धे तपासा. जो वाजेल त्याचा पुन्हा अर्धा. चार-पाच वेळा अर्धं करत गेलं की हातभर भाग उरतो. म्हणूनच बसमध्ये दोन-तीन ठिकाणी सुटणारे जोड ठेवायचे.

मला सगळ्यात जास्त फिरवलं ते डोंगराने. डोंगराखाली कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी वापरून त्यावर प्लॅस्टर चढवलं होतं. जाळीचं एक टोक पिवळ्या फीडरच्या आवरणात घुसलं, आणि सहा इंचांवर दुसरं टोक निळ्यात. बाहेरून हिरवागार डोंगर. पुढच्या डोंगराला पुठ्ठ्याच्या पट्ट्या वापरल्या.

गणपतीत गाडी दिवसभर चालते, काही होत नाही?

एकच इंजिन दिवसभर पळवत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने बदलतो, आणि बाहेर काढलेल्याला हात लावून बघतो. कपाळावर ठेवता येत नाही इतकं तापलं असेल तर चाकात केस किंवा दोरा गुंतलेला असतो. मखराच्या माळा वेगळ्या बोर्डावर. एकाच एक्स्टेंशनला माळा, पंखा आणि रेल्वे लावली होती, तेव्हा बोर्डाचं जुनं सॉकेट वितळलं.

मालवणहून येणारे मामा खुर्ची टाकून टेबलापाशी बसतात आणि गाडी थांबली की ओरडतात, “गाडी कित्याक थांबली रे?” मी म्हणतो, क्रॉसिंग आहे मामा, समोरून मांडवी येतेय. त्यांना ते पटतं. तोवर मी टेबलाखाली.

सामान मिळतं कुठे?

वायर, स्विच, रेझिस्टर, सोल्डर रत्नागिरीत किंवा चिपळूणला. रूळ आणि इंजिनं मुंबई-पुण्याहून किंवा ऑनलाईन. खरेदीआधी पुण्याला कोथरूडमधलं जोशी लघुरेल्वे संग्रहालय बघून या. किती गाड्या एकत्र चालू शकतात हे एकदा डोळ्यांनी बघितलं की आपल्याला नक्की काय हवंय ते कळतं.

विसर्जनानंतर काय?

अडॅप्टर काढायचा. रूळ आणि चाकं पुसायची. इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात, डबा वरच्या फळीवर. टेबलावर आईची जुनी सुती साडी. प्लॅस्टिक घातलं तर आत घाम धरतो. झिरोचा बल्ब दसऱ्यापर्यंत चालू. आणि बोगद्याच्या मागचं दार नीट लावून घ्यायचं, कारण गेल्या वर्षी ते उघडं राहिलं आणि मांजरीने करबुड्यात तीन पिल्लं घातली. दिवाळीपर्यंत मार्ग बंद होता.